जाणाऱ्या मुलांना शाल देता, त्यांना फोनही करा : बडोद्याच्या आपल्या मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि मंडळाचे सर्व सभासद,
बडोदे

सादर नमस्कार.

येत्या जूनमध्ये मंडळाचा गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आहे आणि यंदा परदेशी शिकायला निघालेली सात मुलं त्यात आहेत, असं आईकडून कळलं. त्याच व्यासपीठावर २०२३ साली मी उभी होते. त्या सप्टेंबरमध्ये मी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात जलव्यवस्थापनात एमएस्सी करायला गेले आणि या मार्चमध्ये शिक्षण संपवून घरी आले.

मला तो दिवस चांगला आठवतो. शाल, श्रीफळ, पाकीट, मग एकेकाची भाषणं. सयाजीराव महाराजांनी किती जणांना शिष्यवृत्त्या देऊन विलायतेला पाठवलं, ती परंपरा आता या मुलांच्या खांद्यावर आहे, असं तिघा वक्त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. स्मरणिकेत माझा फोटो आला, खाली ठळक अक्षरांत ‘बडोद्याची लेक जर्मनीला’. आईनं ती स्मरणिका शोकेसमध्ये, काचेला टेकवून, उभी ठेवली. मंडळाच्या प्रेमाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्या प्रेमाच्या भरवशावरच हे पत्र लिहायचं धाडस करतेय.

माझी मागणी आधी सांगते, म्हणजे वाचताना तुम्हाला अंदाज राहील. सत्कार जरूर करा, पण त्याच्या आधीच्या रविवारी दोन तास आम्हा परत आलेल्या मुलांना द्या. आणि मुलं गेल्यानंतर वर्षभर त्यांना फोन करणारं कोणीतरी मंडळात नेमा.

का, ते आता लिहिते.

निघण्याआधी आमच्या घरात फक्त पैशांची बोलणी होती. ते साहजिकही होतं. जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी त्या वर्षी ११,२०८ युरो, म्हणजे जवळजवळ दहा लाख रुपये, आधीच एका बंद खात्यात भरावे लागायचे. त्यातून महिन्याला ९३४ युरोच काढता यायचे. पुढे सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ झाली. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फी नसते, सेमिस्टरची वर्गणी तेवढी असते, म्हणून आम्ही जर्मनी निवडलं होतं. बाबांनी कर्ज काढलं. हिशेबाची वही चोख होती. पण त्या वहीत जे बसत नाही, त्याबद्दल आमच्याकडे कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

मी पोहोचले शनिवारी रात्री. रविवारी सकाळी दूध आणायला उतरले तर अख्ख्या रस्त्यावर एक दुकान उघडं नाही. मला वाटलं, काहीतरी दंगल-बिंगल झाली. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानंच बंद असतात, किराण्याचीसुद्धा. मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही दुकानं चालू असतात, हे मला महिन्याभरानं कळलं. तो सगळा दिवस मी आईच्या दशम्या, लिंबाचं लोणचं आणि लीलो चेवडो यांच्यावर काढला. खिडकीतून समोरच्या इमारतीत कोणी बाल्कनीत येतंय का, ते बघत बसले. कोणी आलं नाही.

हे फार छोटं दुःख आहे, मला मान्य आहे. पण पहिल्या महिन्यात अशी छोटी दुःखंच रोज चार-पाच होतात, आणि ती कोणाला सांगावीत इतकी मोठी वाटत नाहीत. ती साठत जातात.

पत्रपेटीचंच घ्या. तिकडे महत्त्वाचं सगळं टपालानं येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटातून, त्याचा पिन दोन दिवसांनी दुसऱ्या पाकिटातून. आरोग्य विम्याची पत्रं. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र, कारण घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावेच लागतात. आणि पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, संपलं. पोस्टमन खाली येऊन पेट्यांवरची आडनावं वाचतो. ज्याचं नाव पेटीवर नाही, तो माणूस त्या घरात राहत नाही, असं समजून पत्र परत जातं. मी पाच आठवडे वाट बघत होते. कार्ड परत गेलं होतं, विम्याचं स्मरणपत्र परत गेलं होतं, आणि बंद खात्यातले पैसे चालू खात्यात आले तरी ते काढायला माझ्याकडे काही नव्हतं. त्या पाच आठवड्यांत मी एका बंगाली मुलीकडून उसने घेऊन जगले. शेवटी तिनंच मला खाली नेऊन पेटी दाखवली. मी वहीच्या कागदाची पट्टी कापली, आमचं आडनाव लांब, खाचेत मावेना, म्हणून दोन ओळींत लिहिलं आणि सेलोटेपनं चिकटवलं. दुसऱ्या आठवड्यात पहिलं पत्र आलं, तेव्हा त्या अनोळखी शहरात आपलं नाव कोणीतरी वाचलं, याचाच मला इतका आनंद झाला की पाकीट न फोडता मी बराच वेळ हातात धरून बसले.

आपल्या वाड्यात पोस्टमनकाका ‘अमक्यांच्या नातीचं पत्र’ म्हणून हाक मारायचे. तिथून निघालेल्या मुलीला पेटीवर नाव लावायचं कसं सुचावं? दोन मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट आहे. ती सांगणारं कोणी भेटलं नाही, एवढंच.

जानेवारीत मी दुसऱ्या घरात गेले. आम्ही तिघी तिथे राहायचो : एक जर्मन, एक इराणी आणि मी. फ्रीजवर साफसफाईचा तक्ता होता. कोणत्या आठवड्यात कोणी संडास-बाथरूम घासायचं, कोणी ओला, कागदाचा आणि प्लास्टिकचा कचरा वेगवेगळ्या डब्यांत न्यायचा, सगळं ठरलेलं. ते मला लगेच जमलं. जमलं नाही ते जेवणाचं.

पहिल्याच आठवड्यात जर्मन मुलगी मसुराचं सूप करत होती. बटाटे, गाजर घातलेलं, दाट. मी दिवसभर लायब्ररीत होते आणि त्या वासानं मला आमटीची आठवण येऊन भूक खवळली होती. तिनं विचारलं, ‘खाणार?’ मी म्हणाले, ‘नको नको, थँक्यू.’ आता आपल्याकडे यापुढे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. अगं घे ना थोडंसं, असं कसं, दोन घास तरी. ती म्हणाली, ‘बरं.’ आणि बसली एकटी जेवायला. मी माझ्या खोलीत जाऊन बिस्किटं खाल्ली आणि मला रडू आलं. किती माणूसघाणे लोक आहेत हे, असं मी त्या रात्री आईला फोनवर बोलले. आईही ‘शी, काय बाई’ म्हणाली.

थोड्या वेळानं इराणी मुलीनं दार वाजवलं. तिच्या हातात भाताची बशी. मी नको म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणाले. तिनं बशी टेबलावर ठेवली आणि तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी खाल्लं. तिनं मला सांगितलं की त्यांच्याकडेही हेच आहे, त्याला ते ‘तारुफ’ म्हणतात : पाहुण्यानं आधी नाही म्हणायचं, यजमानानं पुन्हा पुन्हा विचारायचं. तिला तीन वर्षं लागली होती जर्मन पद्धत कळायला. तिनं मला बजावलं, ‘इथे एकदाच विचारतात. भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हण.’

मग मी त्या जर्मन मुलीला हे सगळं सांगितलं. तिला धक्का बसला. ती म्हणाली, ‘तू नको म्हणालीस. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. परत विचारणं म्हणजे तुला तुझं मन कळत नाही, असं म्हणण्यासारखं झालं असतं.’ यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. आग्रह हे आपलं प्रेम दाखवायचं साधन आहे, आणि ते मला आजही हवंसं वाटतं. पण समोरच्याच्या शब्दाला पहिल्या झटक्यात किंमत देणं हेही प्रेमच असतं, हे मी त्या स्वयंपाकघरात शिकले. ती दोन वर्षं माझी सगळ्यात जवळची मैत्रीण होती. आईला मी ‘माणूसघाणे’ हा शब्द परत घेते म्हणून मुद्दाम फोन केला.

मराठीमुळे काही गोष्टी सोप्याही गेल्या. जर्मनमध्ये ‘दू’ आणि ‘झी’ असे दोन शब्द आहेत, तू आणि तुम्ही. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलाला कोणाला काय म्हणायचं याचा सतत गोंधळ व्हायचा, मला तो कधीच झाला नाही. दुकानदार तुम्ही, ऑफिसातली बाई तुम्ही, वर्गातली पोरं तू. अडचण फक्त प्राध्यापकांची झाली. ते म्हणाले, मला नावानं हाक मारा, आणि माझी जीभ वळेचना. आणि पहिलं लेक्चर संपलं तेव्हा अख्खा वर्ग मुठीनं बाक ठोकायला लागला. मी दचकले. टाळ्यांऐवजी ते असं करतात.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मंडळाशी थेट संबंधित आहे.

पहिल्या सेमिस्टरला भूजलाच्या पेपरात मी नापास झाले. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० ला उत्तीर्ण, ५.० म्हणजे नापास. मला ५.० होते. आपल्याकडे एटीकेटी घेऊन पुढे जातात आणि पेपर सवडीनं सोडवतात, तशी माझी समजूत होती. आमच्या अभ्यासक्रमात एका विषयाला एकूण तीनच संधी होत्या. तिसऱ्यांदा नापास झालात तर कायमचं बाहेर, विद्यापीठातून नाव कमी. विद्यापीठातून नाव कमी म्हणजे व्हिसाचा प्रश्न. व्हिसाचा प्रश्न म्हणजे बाबांचं कर्ज. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ही साखळी डोक्यात फिरायची. परीक्षेला बसण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची तारीख चुकली तर बसताच येत नाही, हेही मला इतरांकडून ऐनवेळी कळलं होतं.

मी घरी सांगितलं नाही. ‘पेपर छान गेला,’ म्हणाले. निकाल लागल्यावर ‘झाले पास’ म्हणाले. एप्रिल ते जून, जवळजवळ अडीच महिने मी रोज खोटं बोलत होते. आई साखरेच्या डब्याला फोन टेकवून पोळ्या लाटायची आणि तिच्या मागे शोकेस दिसायचं. त्यात ती स्मरणिका. माझा हसरा फोटो आणि ‘बडोद्याची लेक जर्मनीला’. आई बोलत असायची आणि मी त्या फोटोकडे बघत असायचे. हळदीकुंकवाला, लग्नाकार्यात मंडळाच्या बायका आईला विचारायच्या, लेक काय म्हणते, आणि आई अभिमानानं सांगायची. ते ती मला परत सांगायची. मला वाटायचं, आता सांगितलं तर आईला त्या सगळ्यांकडे जाऊन आपलं बोलणं गिळावं लागेल.

मी कोणालाही दोष देत नाही. कोणी माझं वाईट चिंतलं नव्हतं. पण जाण्याआधीच झालेल्या कौतुकाचं ओझं असं होतं, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगतेय.

विद्यार्थ्यांसाठी तिथे मोफत समुपदेशन केंद्र असतं. इराणी मैत्रिणीनं मला हाताला धरून नेलं. तिथल्या बाईंना मी नापास झाल्याचं सांगितलं तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला होता. त्यानंतर चार दिवसांनी घरी फोन केला. बाबांनी विचारलं, पुढची परीक्षा कधी. आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला तर आईच्या मागे शोकेसमध्ये स्मरणिकेची जागा रिकामी होती.

त्या रिकाम्या जागेनं मला फार छळलं. आईला लाज वाटली, असंच मी समजले. विचारायची हिंमत झाली नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला मी तो पेपर दुसऱ्यांदा दिला, पुढे २.७ ने सुटला, तरी विचारलं नाही. या मार्चमध्ये घरी आल्यावर एका दुपारी विचारलं. आई म्हणाली, ‘तुला ती रोज दिसायची ना फोनवर. तू बोलताना तिकडेच बघायचीस. म्हणून काढली.’

एप्रिलपासून आईच्या लक्षात होतं की मी कुठे बघतेय. का बघतेय, ते तिला जूनमध्ये कळलं.

थंडीबद्दल सगळे सांगतात, अंधाराबद्दल कोणी सांगत नाही. डिसेंबरात तिथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. लायब्ररीत खिडकीपासून लांब बसलात तर दिवस झाला होता की नव्हता, हेच कळत नाही. उत्तरायणाच्या दिवशी भावानं गच्चीवरून फोन लावला. आकाश पतंगांनी भरलेलं, शेजारच्या गच्चीवरून ‘लपेट लपेट’ ओरडणं, उंधियूचं पातेलं. माझ्याकडे करडं आभाळ आणि बर्फाचा चिखल. मी दोन मिनिटांत फोन ठेवला आणि पुढचे तीन दिवस उचलला नाही. घरच्यांना वाटलं, अभ्यासात असेल. मुलगी फोन उचलत नसेल तर ती अभ्यासात असेल, असं कृपया कोणी गृहीत धरू नका.

आणि एक आपल्यापुरतं. तिथल्या मराठी मुलांनी एक हॉल भाड्यानं घेऊन गणपती बसवला होता. मी उत्साहानं मोदक घेऊन गेले. पाच मिनिटं बोलल्यावर एका पुण्याच्या मुलीनं विचारलं, ‘तुम्ही गुजराती ना? मराठी छान बोलता.’ गुजराती मुलांच्या गरब्यात गेले तर तिथे मी ‘पेली मराठी छोकरी’, म्हणजे ‘ती मराठी मुलगी’. आपण बडोदेकर दोन्हीकडे पाहुणेच. मग मला प्रत्येक वेळी गायकवाड, मराठी राज्य, दांडिया बाजारातला वाडा असं सगळं सांगावं लागायचं. सांगता सांगता लक्षात आलं की माझ्या शहराची गोष्ट मलाच नीट माहीत नाही. परत आल्यावर मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसतेय, त्या काचेच्या जमिनीवरून चालत पुस्तकं काढतेय. महाराज परदेशात फिरले, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे घेऊन आले. परदेशाहून काय आणायचं असतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

आता ऑगस्ट २०२४. तुम्ही सगळ्यांनी तो पूर अंगावर घेतला आहे, मी काय सांगणार. गोकुळाष्टमीच्या सुमारास पाऊस थांबेना, आजवा धरणाचं पाणी आलं आणि विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ च्या वर गेली. आमच्या कारेलीबागच्या घरात तळमजल्यावर कमरेइतकं पाणी शिरलं. आई-बाबा वरच्या मजल्यावर गेले. वीज गेली, मग फोन बंद पडले. मी ड्रेस्डेनमध्ये बसून रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ बघत होते. पाण्याचा अभ्यास करायला गेलेली मी, पातळीचे आकडे मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होते, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. दीड दिवस मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अनोळखी भारतीय नंबरवरून फोन आला. ‘ताई, मंडळातून बोलतोय. काका-काकू वर आहेत, बरे आहेत. दूध आणि मेणबत्त्या दिल्या. काकूंनी तुमचा नंबर कागदावर लिहून दिला.’ मागे पाण्याचा आवाज येत होता. तो मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोलत होता. फोन एक मिनिटही चालला नसेल. मंडळानं मला आजवर जे जे दिलं, त्यात तो फोन सगळ्यात मोठा आहे.

पुढच्याच महिन्यात तिकडे एल्बे नदी चढली. ११ सप्टेंबरच्या पहाटे शहरातल्या कॅरोला पुलाचा एक भाग कोसळला होता, सुदैवानं तेव्हा त्यावर कोणी नव्हतं, आणि पुढच्या आठवड्यात पाणी ६ मीटरपर्यंत आलं. त्या भागात नदीकाठच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या खुणा वर्षासकट दिसतात. २००२ साली ड्रेस्डेनला पाणी ९.४० मीटरला गेलं होतं. मी आईला फोन करून सांगितलं, भिंत रंगवायच्या आधी पाणी कुठवर आलं होतं तिथे रेघ मार. आमच्या जिन्याजवळ ती पेन्सिलची रेघ आजही आहे, बाजूला आईच्या अक्षरात तारीख.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. लिहिते.

पहिली खोली तीनच महिन्यांपुरती होती, म्हणून नोव्हेंबरपासून मी दुसरी शोधत होते. साठ-सत्तर जाहिरातींना लिहिलं. बहुतेकांकडून उत्तरच नाही. एका ठिकाणी फोनवर माझं नाव ऐकून घरमालक म्हणाले, खोली गेली. अर्ध्या तासानं वर्गातल्या जर्मन मुलानं त्याच नंबरवर फोन केला, तर खोली रिकामी होती आणि त्याला बघायला बोलावलं. मी फार चिडले होते. त्या रात्री झोप येईना आणि आमच्या कारेलीबागच्या घरातली वरची खोली आठवली.

मी बारावीत असताना ती भाड्यानं द्यायची होती. फाइन आर्ट्‌सला प्रवेश मिळालेला विदर्भातला एक मुलगा बघायला आला. मराठी बोलणारा, नम्र, हातात गुंडाळलेली चित्रं. आजीनं बसवलं, मला चहा करायला सांगितलं. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा आजीनं आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. आजी म्हणाल्या, ‘बघतो आम्ही, अजून नक्की नाही.’ तो चहा न घेता उठला. खोली पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला दिली. त्याला सगळं कळलं होतं, ते मला ट्रे हातात असतानाच दिसलं होतं, आणि मी गप्प राहिले.

सत्काराच्या भाषणांत बाबासाहेब आंबेडकरांचं नाव येतंच. १९१३ साली महाराजांनी त्यांना महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, इथवर आपण अभिमानानं सांगतो. त्याच्या पुढचं सांगत नाही. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला परत आले, तेव्हा इथे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, ते कळल्यावर त्यांना तिथून हुसकावलं गेलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांना आपलं शहर सोडावं लागलं. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे, आपल्यापैकी किती जण तिथे जाऊन आलो? मी परत आल्यावर पहिल्यांदा गेले.

न्यूयॉर्कहून शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात खोली मिळाली नव्हती, आणि शंभर वर्षांनी आमच्या वरच्या खोलीत तेच झालं. परदेशात माझ्यावर आलं तेव्हा मला ते कळलं. आपल्या विद्यापीठात बाहेरगावाहून, बाहेरदेशांतून पोरं येतात. रविवारी बंद दुकानासमोर मी जशी उभी होते, तशी ती सयाजीगंजात उभी असतील. त्यांना घर दाखवताना आडनाव विचारणार नाही, असं लिहून देणाऱ्या सभासदांची एक यादी मंडळानं करावी, अशी माझी विनंती आहे. पहिलं नाव आमच्या घराचं लिहा. मी आई-बाबांशी बोलले आहे, आजी आता नाहीत.

आणि मूळ मागणी. सत्काराच्या आधीच्या रविवारी त्या सात मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना बोलवा. व्यासपीठ नको, सतरंजी घालू. माझ्याबरोबर कॅनडाहून आणि ऑस्ट्रेलियाहून परतलेले दोघे यायला तयार आहेत. पत्रपेटी, परीक्षेचे नियम, नापास झालं तर काय करायचं, डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, आम्ही सगळं सांगू. न बघता खोलीसाठी आगाऊ पैसे मागणारे भामटे कसे ओळखायचे, तेही सांगू. आपल्याच एका मुलाचे त्यात ६०० युरो गेले आहेत. आई-वडिलांशी वेगळं बोलू. स्मरणिकेत फोटो छापायचा असेल तर आधी त्या मुलाला विचारा, ठळक मथळा नको.

मग दर मुलामागे एक सभासद ठरवा, नात्यातला नसलेला. महिन्यातून एक फोन. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, रविवारी आपल्याकडे दुपारी तीनला केलात तर तिथे मूल जागं असतं आणि दुकानं बंद असल्यामुळे घरीच असतं. किती टक्के, नोकरी लागली का, पगार किती, यातलं काही विचारू नका. आज काय जेवलास, कोणाबरोबर जेवलास, बाहेर ऊन आहे का, एवढं विचारा. तो ‘सगळं मस्त’ म्हणाला तर आपल्या पद्धतीनं अजून दोनदा विचारा. पुरात फोन करणाऱ्या त्या मुलाचं नाव मला अजून कळलेलं नाही. तो हे वाचत असेल तर त्यानं या कामात यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

सात जणांपैकी दोघं जर्मनीला चालली आहेत, त्यांचे फोन मी करेन. रविवारसाठी हॉल सकाळी दहा ते बारा हवा आहे. किल्ली कोणाकडून घ्यायची, तेवढं कळवावं.

आपली,
कारेलीबागची एक सभासद